अंश डोंगराचा, छेद आपला : प्रस्तावना

पुण्याकडे निघालेल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लागतात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात, आणि घाट संपला की मागची सुटी होतात. या साऱ्या खटाटोपाचे कारण एका आकड्यात मावते : ३७ ला १. बोरघाटातल्या रुळांचा सर्वांत कडक चढ एवढा आहे. ३७ फूट पुढे गेले की १ फूट वर. कोन म्हणून पाहिले तर हा चढ दीड अंशाच्या किंचित वर भरतो. पायी चालणाऱ्याला तो जाणवणारही नाही, पण गुळगुळीत रुळावर टेकलेल्या पोलादी चाकाला तो पुरेसा जड जातो.

हा घाट बांधायला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ मध्ये सुरुवात केली आणि १८६३ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. पायथ्यापासून माथ्यापर्यंत रूळ १,८३१ फूट चढतात आणि त्यासाठी सुमारे १५.८५ मैलांची वाट घेतात. मैलांचे फूट करून भागाकार केला तर येते जवळपास ४६ ला १. म्हणजे एकाच घाटाचे दोन चढ झाले. एक ३७ ला १, दुसरा ४६ ला १. दोन्ही खरे आहेत. दुसरा आकडा काढायला फक्त दोन बिंदू लागले, पायथा आणि माथा. मधे बोगदे किती, वळणे किती, कुठे रूळ सौम्य झाले, याची चौकशी करावी लागली नाही. पहिला आकडा मात्र घाटात उतरून, तुकड्या-तुकड्याने मोजल्याशिवाय हाती लागत नाही. इंजिन किती ताकदीचे हवे हे पहिला आकडा ठरवतो. दुसऱ्यावर विसंबून इंजिन निवडले तर गाडी मधेच अडकेल.

दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ या विषयावर अख्खे पुस्तक कशाला, असे कुणी विचारले तर माझे उत्तर या दोन आकड्यांत आहे. चढ काढायचे सूत्र एका ओळीचे. उभ्या निर्देशकांची वजाबाकी करा, आडव्या निर्देशकांची वजाबाकी करा, पहिलीला दुसरीने भागा. पाचवीतल्या मुलालाही ऋण संख्या समजावल्या तर जमेल. पण या भागाकाराने नेमके काय कळते, काय लपते, आणि दोन बिंदू पुरतात ते कशाच्या भरवशावर, हे त्या ओळीत नाही. तेच सांगायचे म्हणून ही पाने.

दहावीच्या गणित भाग २ मध्ये निर्देशक भूमिती हे पाचवे प्रकरण आहे आणि त्यात रेषेचा चढ येतो. त्याच पुस्तकाचे पहिले प्रकरण समरूपता. मधे पायथागोरस, वर्तुळ आणि भौमितिक रचना. मला हा क्रम मनापासून आवडतो, फक्त एक गोष्ट खटकते. वर्गात पाचव्या प्रकरणाला पोचेपर्यंत पहिले प्रकरण परीक्षेपुरते बाजूला पडलेले असते. चढाचा सगळा प्राण तर समरूपतेत आहे. तो तिथून काढून घेतला की उरते ती नुसती आकडेमोड.

एक उदाहरण घेऊ. अ(−१, ४) आणि ब(३, −२) हे दोन बिंदू. उभा फरक : −२ वजा ४, म्हणजे −६. आडवा फरक : ३ वजा (−१), म्हणजे ४. चढ झाला −६ भागिले ४, अर्थात −३/२. उत्तरपत्रिकांत बहुतेक चुका या दुसऱ्या वजाबाकीत होतात. ‘वजा ऋण एक’ पाहिले की घाईत ३ वजा १ होते आणि ४ च्या जागी २ येतात. त्यावर उपाय साधा आहे. आकडेमोडीआधी बोटाने आलेखावर चालून पाहायचे. −१ पासून ३ पर्यंत जायला किती घरे? चार. बोट कधी चिन्हात चुकत नाही.

आता याच रेषेवर आणखी एक बिंदू क(५, −५) आहे. अ आणि क घेऊन चढ काढा : −९ भागिले ६. पुन्हा −३/२. ब आणि क घ्या : −३ भागिले २. तेच. मुले इथे मान डोलावतात आणि पुढे सरकतात. मला वाटते, थांबायचे ते इथेच. फरक प्रत्येक वेळी वेगळे आले, −६ आणि ४, −९ आणि ६, −३ आणि २. मग गुणोत्तर हटवादीपणे एकच का? कारण प्रत्येक जोडीखाली एक काटकोन त्रिकोण उभा राहतो. त्याची एक बाजू आडवी, एक उभी, आणि कर्ण आपल्या रेषेवर. सगळे कर्ण एकाच रेषेवर असल्याने या त्रिकोणांचे कोन सारखे, म्हणून ते समरूप, म्हणून उभ्या आणि आडव्या बाजूंचे गुणोत्तर सारखे. रेषा सरळ असणे म्हणजे काय, हे संख्येत सांगायचे झाले तर हेच सांगता येते : कोणतेही दोन बिंदू उचला, भागाकार बदलणार नाही. तिसरा बिंदू रेषेवर आहे की नाही हे तपासायची रीतही यातूनच निघते. चढ जुळला तर बिंदू रेषेवर, नाही जुळला तर बाहेर. समांतर रेषांचे चढ समान आणि लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ (त्यांतली एक उभी नसेल तर), हे दोन नियम याच्या पाठोपाठ येतात. या पुस्तकात त्यांना छोटेसे प्रकरण दिले आहे. तिथे फार रेंगाळण्यासारखे नाही.

रेंगाळण्यासारखी जागा दुसरीच आहे, आणि ती चौकस मुले बरोबर शोधतात. वर्गात सांगितले जाते की अ कडून ब कडे वजाबाकी करा किंवा ब कडून अ कडे, चढ तोच येतो. फक्त वर आणि खाली एकच क्रम पाळा. मग एखादी मुलगी विचारते, ‘सर, कर्जतहून लोणावळ्याला जाताना चढ असतो आणि परत येताना उतार. मग चढ तोच कसा?’ प्रश्न अगदी रास्त आहे आणि ‘ऋण भागिले ऋण धन’ एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. गाडी चालवणारा अंतर मोजतो ते चाकाखाली सरलेल्या रुळाचे. ते जातानाही धन, येतानाही धन. म्हणून परतीच्या वाटेवर त्याच्या लेखी फक्त उंचीचे चिन्ह बदलते आणि चढाचा उतार होतो. आलेखावर मात्र आडव्या अंतरालाही दिशा असते. डावीकडे जाणे म्हणजे ऋण. परत येताना उंची घटली तशी आडवी जागाही मागे सरकली. दोन्ही चिन्हे बदलली आणि भागाकार जागच्या जागी राहिला. लोको पायलटचा चढ प्रवासाचा असतो, सूत्रातला चढ रेषेचा. प्रवासी कुणीकडे निघाला याच्याशी रेषेला काही देणेघेणे नसते. एवढे समजले की वर ‘ब वजा अ’ आणि खाली ‘अ वजा ब’ करणारा विद्यार्थी नेमका काय घोटाळा करतो तेही दिसते. तो एक पाय रेषेवर आणि एक पाय गाडीत ठेवून उभा असतो.

छेदाविषयी थोडे अधिक. दोन्ही बिंदूंची उंची सारखी असेल तर अंश शून्य, चढ शून्य, रेषा आडवी. दोन्ही बिंदू एकाखाली एक असतील तर छेद शून्य, आणि तेव्हा चढ ठरवता येत नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ परीक्षेपर्यंत चालूच राहते. मी त्यावर गवंड्याचे सामान पुढे ठेवतो. पाण्याची नळी दाखवते ती पहिली रेषा, ओळंबा दाखवतो ती दुसरी. ओळंब्याच्या दोरीवर कितीही वर गेलात तरी आडवे अंतर शून्यच, मग दर फुटामागे किती वर हा प्रश्नच उभा राहत नाही. बिंदू दोन नसून एकच असेल तर अंशही शून्य आणि छेदही शून्य. तिथे मात्र प्रश्न संपत नाही, उलट नवा सुरू होतो. त्याकडे शेवटी येऊ.

छेदाची खरी करामत घाट बांधणाऱ्यांना ठाऊक होती. सह्याद्रीचा कडा किती उंच आहे हे डोंगराने ठरवलेले. तो अंश आहे आणि त्यात माणसाला काही करता येत नाही. चढ कमी करायचा तर छेद वाढवायचा, वाट लांबवायची. बोरघाटाचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्यापुढचा पेच हाच होता. म्हणून रूळ डोंगराच्या कुशीतून वळसे घेत गेले, आणि एके ठिकाणी पुढे जागाच उरली नाही तेव्हा गाडी टोकाला थांबवून उलट्या दिशेने वर चढवायचे स्थानक बांधले गेले. रिव्हर्सिंग स्टेशन म्हणून ओळखले जाणारे ते ठिकाण पुढे नव्या मार्गामुळे निकामी झाले. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणाऱ्या थळघाटातही कडक चढ ३७ ला १ हाच. नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०७ पासून २० ला १ असा चढ चढते आणि त्यासाठी वळणांची माळच्या माळ घालते. याउलट कोकण रेल्वेने १५० ला १ ही मर्यादा धरली आणि ती सांभाळण्यासाठी डोंगर फोडले. कारबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा त्याच हिशेबातला. घाटात वाट लांबवून छेद वाढवला, कोकणात बोगदे आणि पूल घालून मधले चढउतारच काढून टाकले. पैसा दोन्हीकडे लागला.

याच भागाकाराचे घरगुती रूप म्हणजे चाकाच्या खुर्चीसाठीचा उतरणीचा रस्ता, ज्याला आपण रॅम्प म्हणतो. त्यासाठीचे प्रमाण १२ ला १. इमारतीच्या दाराशी १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची झाली ४५ सेंटीमीटर, आणि रॅम्प हवा ५ मीटर ४० सेंटीमीटर लांब. एवढी जागा कुणी सोडत नाही. मग दीड-दोन मीटरांत सिमेंटचा एक उतरता ओटा घालून ‘सोय केली’ असे म्हणतात. त्यावरून खुर्ची चढवायला मागून दोन माणसे लागतात. टेपने दोन मापे घेऊन केलेला एक भागाकार अशी सोय लगेच उघडी पाडतो, आणि गणिताचा याहून चांगला उपयोग मला तरी पटकन सुचत नाही.

इथे एक शंका काटेकोर वाचकाला येईल. रेल्वेचे अंतर रुळांवरून मोजलेले, तिरपे, आणि सूत्रात तर आडवे अंतर हवे. बरोबर आहे. पण ३७ फूट आडवे आणि १ फूट वर असा त्रिकोण काढला तर कर्ण ३७ फुटांहून जेमतेम सव्वा सूत जास्त भरतो. एवढ्या फरकाची फिकीर रूळ टाकणाऱ्याने करू नये. चढ तीव्र असेल तर मात्र हा फरक गिळता येत नाही.

चढ म्हणजे कोनाचा टॅन्जंट, ही व्याख्या पाठ्यपुस्तकात आहे आणि ती चूक नाही. मात्र तिच्यापासून सुरुवात करू नये असे माझे मत आहे. ती व्याख्या खरी ठरायला दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण लागते. प्रत्यक्षात आपण पाहतो ते बहुतेक आलेख तसे नसतात. आडव्या अक्षावर वर्षे, उभ्यावर रुपये. एका सेंटीमीटरला एक वर्ष, एका सेंटीमीटरला हजार रुपये. प्रमाण बदलले की तीच रेषा कधी कड्यासारखी उभी राहते, कधी लोळण घेते. महागाईचा आलेख छापणाऱ्याला ही युक्ती पक्की माहीत असते. कोनमापक लावला तर दोन चित्रांत दोन कोन येतील, पण दोन बिंदूंचे आकडे वाचून भागाकार केला तर दोन्हींत उत्तर एकच : वर्षाला इतके रुपये. हा चढ फसत नाही, कारण तो कागदाच्या कोनाचा नाही, दोन राशींच्या फरकांचा आहे. त्याला एकक असते. विद्यार्थ्यांनी उत्तराखाली एकक लिहायची सवय केली तर अर्धे शास्त्र आपोआप कळू लागते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगात आडव्या अक्षावर विद्युतधारा आणि उभ्यावर विभवांतर घेतले की रेषेचा चढ म्हणजे तारेचा रोध. अक्ष उलटे घेतले तर हाती रोधाचा व्यस्त येतो, आणि तो ओहमच्या एककात लिहिणारे दरवर्षी असतात.

त्याच प्रयोगात परीक्षक सांगतात, चढ काढायला बिंदू लांब-लांबचे घ्या. का, ते सहसा सांगत नाहीत. मोजमापात चूक राहतेच. उंचीत एक सेंटीमीटर इकडेतिकडे झाला आणि बिंदू एक मीटर अंतरावर असतील, तर चढात शंभराला एक एवढी चूक शिरते. तेच बिंदू शंभर मीटरांवर असतील तर चूक शंभरपटींनी आटते. कागदावरच्या आदर्श रेषेवर कोणतेही दोन बिंदू चालतात, पण मापलेल्या रेषेवर जवळचे बिंदू दगा देतात. गंमत अशी की वक्र असेल तर सल्ला नेमका उलटा होतो. तिथे लांबचे बिंदू दगा देतात, कारण ते मधले सगळे पुसून टाकतात. बोरघाटाचा ४६ ला १ हा आकडा असाच आला. पायथा आणि माथा जोडणारी एक काल्पनिक सरळ रेषा आपण मनात ओढली आणि तिचा चढ घाटाच्या नावावर लिहिला. त्या सरासरीइतकाच चढ घाटात कुठेतरी असायलाच हवा, कारण रूळ सौम्य आणि तीव्र चढांच्या मधून सलग जातात. पण कुठे, हे दोन टोकांना विचारून कळत नाही.

ही अडचण फार जुनी आहे आणि आलेखापेक्षा जुनी आहे. देकार्तचे भूमितीवरचे लेखन १६३७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि निर्देशकांच्या भूमितीचे श्रेय त्याला आणि फर्माला दिले जाते. त्याच्या आकृत्यांत आजच्यासारखे दोन काटकोनी अक्ष सहसा नसतात, हे मूळ आकृत्या पाहणाऱ्याला चकित करते. पण फरकांना फरकांनी भागण्याची रीत त्याच्याही आधी हजारभर वर्षे आपल्याकडे ज्योतिषगणितात रुळलेली होती. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास ज्यांची, म्हणजे आजच्या साइनची, सारणी दिली तीच मुळी फरकांची. चाप दर वेळी २२५ कलांनी वाढवायचा आणि ज्या कितीने वाढते ते सांगायचे : २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०... असे उतरत चोविसावा फरक ७. यातल्या प्रत्येक आकड्याला २२५ ने भागा. पहिल्या तुकड्याचा चढ १, शेवटच्याचा ७/२२५. वक्र आधी जवळपास पंचेचाळीस अंशांत चढतो आणि माथ्यावर सपाट होत जातो, हे चित्र न काढता दिसते. दोन नोंदींच्या मधली ज्या हवी असेल तर त्रैराशिक लावायचे. त्रैराशिक लावणे म्हणजे तेवढ्या तुकड्यापुरता वक्र सरळ मानून दोन बिंदूंतून रेषा ओढणे. ते पुरेसे अचूक नाही म्हणून ब्रह्मगुप्ताने ६६५ मधल्या खंडखाद्यकात फरकांचेही फरक हिशेबात घेणारा नियम दिला.

आणि मग भास्कराचार्य. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण इथे त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातवाने स्थापलेल्या मठाचा. सिद्धांतशिरोमणी ११५० मधला. ग्रहाची रोजची गती काढायची साधी रीत म्हणजे आजचे स्थान आणि उद्याचे स्थान यांची वजाबाकी. दोन बिंदू, मधे एक दिवस. सूर्यासाठी हे चालून जाते. चंद्राची गती मात्र दिवसाला सुमारे १२ अंशांपासून १५ अंशांपर्यंत बदलत असते आणि तिथी नेमकी केव्हा संपते हे काढायला दिवसाची सरासरी कामाची नाही. म्हणून भास्कराचार्य चंद्रासाठी तात्कालिक गती घ्यायला सांगतात, त्या क्षणाची गती. दोन बिंदू जवळ, आणखी जवळ आणत जायचे आणि भागाकार कशाकडे झुकतो ते पाहायचे, ही आजच्या कलनाची भाषा. त्यांची भाषा ती नव्हती, पण त्यांनी गाठलेले गुणोत्तर तेच होते. मघाशी सोडलेला शून्य भागिले शून्याचा प्रश्न इथे येऊन मिळतो. बारावीत डेरिव्हेटिव्ह शिकताना ज्यांची दमछाक होते त्यांना पुष्कळदा दहावीचा चढच पुरता उमगलेला नसतो. सूत्र येते, पण तो सरासरी आहे हे मनात रुजलेले नसते, कारण तोवर त्यांनी फक्त सरळ रेषाच पाहिलेल्या असतात आणि सरळ रेषेवर सरासरी आणि क्षणाचा चढ एकच असतो.

पुस्तकाची मांडणी म्हणूनच जरा तिरकी आहे. पहिल्या प्रकरणात सूत्र नाही, टेप आणि पाण्याची नळी आहे. दुसऱ्यात समरूप त्रिकोण. सूत्र तिसऱ्यात, आणि टॅन्जंट थेट सातव्यात. ज्यांना परीक्षा तोंडावर आहे त्यांनी तिसरे आणि चौथे प्रकरण आधी सोडवले तरी माझी हरकत नाही. शिक्षकांनी मात्र पहिली दोन टाळू नयेत. घाटांच्या प्रकरणात आकडे जुन्या मापांत, फूट-मैलांत ठेवले आहेत, कारण घाट त्या मापांत बांधले गेले. मीटरमध्ये बदलून पाहणाऱ्याला चढ तसाच्या तसा मिळेल आणि तो का मिळतो हा त्या प्रकरणाचा शेवटचा प्रश्न आहे. आलेखाचा कागद जवळ ठेवावा, मोबाइलवरचे आलेख सातव्या प्रकरणापर्यंत लांब ठेवावेत.

उदाहरणांची उत्तरे शेवटी छापली आहेत. पहिल्या प्रकरणाची तेवढी नाहीत. तिथे प्रत्येकाने आपल्या घरचा जिना मोजायचा आहे, आणि एकाच जिन्यात दोन पायऱ्यांचे माप सारखे आले नाही तर त्याचा जाब गवंड्याला विचारायचा आहे.